अंथरुणातून मैदानाकडे : डॉ. लुडविग गुटमन

२०२४ साली पॅरिस येथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. भारताच्या दिव्यांग खेळाडूंनी तिथे २९ पदके मिळवली. आपल्या सांगली जिल्ह्यातील करगणी गावचे सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले. आपल्यापैकी अनेकांनी हे क्षण टीव्हीवर पाहिले असतील, मुलांनाही हाक मारून दाखवले असतील. एका हाताने गोळा दूरवर फेकणारा खेळाडू, चाकांच्या खुर्चीवरून चेंडूमागे धावणाऱ्या मुली, पाय नसताना पाण्यात उतरणारे तरुण... हे पाहून ऊर भरून येतो आणि टाळ्या वाजतात.

परंतु बंधू-भगिनींनो, टीव्ही बंद केल्यावर एक साधा प्रश्न आपण स्वतःला विचारला का? खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळणारी अशी एखादी मुलगी आपल्याच धर्मग्रामात राहत असती, तर रविवारच्या मिस्सासाठी ती कोणाच्याही मदतीवाचून आपल्या चर्चमध्ये येऊ शकली असती का?

हा प्रश्न मनात ठेवूनच आज आपण एका डॉक्टरांची ओळख करून घेऊ या. पॅरालिम्पिकचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचे नाव डॉ. लुडविग गुटमन.

खाणकामगाराचा मृत्यू

लुडविग यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. लुडविग लहान असतानाच कुटुंब जवळच्या कोनिग्सह्युट्ट या कोळसा खाणींच्या शहरात राहायला गेले.

पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ साली, अठरा वर्षांचे असताना, लुडविग तिथल्या अपघात इस्पितळात मदतनीस म्हणून काम करू लागले. एके दिवशी एका धडधाकट खाणकामगाराला आणण्यात आले. त्याचा मणका मोडला होता आणि कमरेखालचा भाग लुळा पडला होता. लुडविग त्याची माहिती लिहून घेऊ लागले, तेव्हा ती लिहिण्याची तसदी घेऊ नये असे त्यांना सांगण्यात आले. का? तर हा माणूस काही आठवड्यांतच मरणार! आणि तसेच झाले. पाच आठवड्यांत अंगात विष भिनून तो तरणाबांड गडी गेला.

त्या काळात मणका मोडलेल्या माणसाला सारेच डॉक्टर मेलेला धरून चालत. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने अंगाला पडणाऱ्या जखमा या दोन कारणांनी बहुतेक रुग्ण दगावत. ही दोन्ही कारणे टाळता येण्यासारखी होती. पण मरणारच आहे असे एकदा मनाने घेतले, की काळजी घेणारे हात आपोआप सैल पडतात. तो खाणकामगार लुडविग यांच्या मनातून आयुष्यभर गेला नाही.

इस्पितळाचे दार उघडे ठेवा

लुडविग डॉक्टर झाले. मेंदू व मज्जातंतूंचे तज्ज्ञ म्हणून ब्रेस्लाऊ शहरात त्यांचे नाव झाले. परंतु १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सर्वसाधारण इस्पितळांतून काढून टाकण्यात आले. गुटमन शहरातील ज्यू इस्पितळात गेले आणि १९३७ साली त्याचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, हजारो पुरुषांना पकडून नेण्यात आले. त्या रात्री गुटमन यांनी आपल्या लोकांना हुकूम दिला, की जो कोणी दाराशी येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी आले. गुटमन त्यांना खाटेखाटेवर घेऊन गेले आणि प्रत्येक माणसाला कोणता ना कोणता गंभीर आजार असल्याचे सांगत राहिले. त्या रात्री आश्रयाला आलेल्या ६४ जणांपैकी ६० जण अशा रीतीने वाचले.

पुढे पोर्तुगालच्या सालाझार या हुकूमशहाच्या एका मित्रावर उपचार करण्यासाठी नाझी सरकारनेच त्यांना तिकडे पाठवले. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने त्यांच्या कुटुंबाची सोय केली आणि मार्च १९३९ मध्ये ते पत्नी एल्से व दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचले. एक नामवंत डॉक्टर परक्या देशात निर्वासित म्हणून उतरला होता. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले, पण रुग्णांपासून ते दूरच राहिले.

दर दोन तासांनी

१९४३ साली ब्रिटिश सरकारने त्यांना बोलावणे पाठवले. युरोपात मोठी चढाई होणार होती, मणक्याला गोळ्या लागलेले जवान येणार होते आणि या रुग्णांत मन रमवणारा डॉक्टर कोणी मिळत नव्हता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात मणक्याच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. गुटमन त्याचे प्रमुख होते.

त्यांनी काय केले? सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून केली. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही! रात्री-अपरात्री ते स्वतः वॉर्डात येऊन हे काम होते की नाही ते पाहत. रुग्णांना ज्यात जखडून ठेवत ते प्लास्टरचे साचे त्यांनी काढून टाकले. गुंगीची औषधे कमी केली. लघवीच्या मार्गाची काळजी नीट घेतली जाऊ लागली. जखमा भरू लागल्या आणि माणसे जगू लागली.

मग त्याहून कठीण प्रश्न समोर आला. जगायचे, पण कशासाठी? विशी-पंचविशीतले हे जवान छताकडे पाहत पडून राहत. घरी आपला भार होईल, लग्न होणार नाही, नोकरी मिळणार नाही, असे त्यांना वाटे. गुटमन यांनी त्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन शिकवायला लावले. त्यांची अपेक्षा एकच होती. हा माणूस कमावता होऊन घरी परतला पाहिजे आणि चारचौघांसारखा कर भरणारा नागरिक झाला पाहिजे.

आणि मग एके दिवशी त्यांनी पाहिले, की काही रुग्ण खुर्च्यांवर बसून हातातल्या उलट्या काठ्यांनी एक चकती टोलवत होते. पोलोसारखाच तो खेळ होता. गुटमन स्वतःही खुर्चीत बसले आणि खेळून पाहिले. हा खेळ फार धसमुसळा म्हणून पुढे बंद झाला व त्याची जागा बास्केटबॉलने घेतली. पण त्यांना जे समजायचे ते समजले होते. व्यायाम करून घेताना तोंड वाकडे करणारा रुग्ण खेळताना दुखणे विसरतो. हात, खांदे मजबूत होतात, तोल सावरता येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो पुन्हा संघाचा माणूस होतो. जिंकतो, हरतो, भांडतो, हसतो. रुग्णाचा पुन्हा माणूस होतो!

सोळा खेळाडू

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांवरून तिरंदाजीची स्पर्धा झाली. सोळा खेळाडू होते, चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया. हे खेळ एक दिवस ऑलिम्पिकच्या बरोबरीचे होतील, असे गुटमन त्या काळातच सांगू लागले. ऐकणाऱ्यांना ते वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

१९५२ साली नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. आठ वर्षांनंतर, १९६० साली, ऑलिम्पिकपाठोपाठ रोममध्ये हे खेळ झाले. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. डॉ. अंतोनिओ माल्यो या इटालियन डॉक्टरांनी त्यासाठी खूप धडपड केली. हीच पहिली पॅरालिम्पिक म्हणून आज मोजली जाते. पोप जॉन तेविसावे यांनी या खेळाडूंना व्हॅटिकनमध्ये भेटीसाठी बोलावले. आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कुबेर्तिन यांच्याशी गुटमन यांची तुलना पोप महाशयांनी त्या वेळी केली.

या सोहळ्याची दुसरी बाजूही आपण जाणून घ्यायला हवी. खेळाडूंना राहण्यासाठी ज्या इमारती प्रत्यक्षात मिळाल्या त्या खांबांवर उभ्या होत्या आणि वर जायला उंच जिने होते. लिफ्टच्या इमारती ऐन वेळी मिळाल्या नाहीत. मग इटालियन सैन्यातील जवानांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेले! मैदानावर जो खेळाडू कोणाच्याही आधाराशिवाय बाण सोडत होता, तोच संध्याकाळी आपल्या खोलीत जाण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर अवलंबून होता. त्याच्या अंगात कमी नव्हते. कमी होते ते इमारतीत.

आमच्या मते गुटमन यांच्या कार्याचे मर्म या एका प्रसंगात आहे. मैदान सपाट होते म्हणून तिथे माणूस खेळाडू होता. जिना आडवा आला तिथे तोच माणूस अपंग झाला.

टोकियोने काय पाहिले

१९६४ साली हे खेळ टोकियोला गेले. पॅरालिम्पिक हे नाव तिथे लोकांच्या तोंडी रुळले. जपानचे बहुतेक खेळाडू थेट इस्पितळांतून आणि आरोग्यधामांतून आले होते. त्यांना घरी किंवा समाजात जागा नव्हती. परदेशी खेळाडू मात्र संध्याकाळी बाजारात हिंडत होते, हसत-खिदळत होते. त्यांच्यापैकी अनेकांना नोकरी होती, बायका-मुले होती. हे पाहून जपानी खेळाडू थक्क झाले. दुखापत तीच, मग आयुष्य इतके वेगळे कसे?

स्टोक मँडव्हिलला जाऊन गुटमन यांच्याकडे शिकून आलेले डॉ. युताका नाकामुरा यांनी हा प्रश्न मनावर घेतला. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, बेप्पू शहरात त्यांनी सूर्याचे घर या अर्थाच्या नावाची संस्था काढली. दान नको, संधी हवी, हे तिचे तत्त्व. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी त्या संस्थेबरोबर कारखाने उभारले आणि दिव्यांग कामगार तिथे पगार घेऊ लागले. खेळांमुळे समाजाची नजर बदलते ती अशी. मात्र ती टिकली, कारण पदके वाटून झाल्यावर कोणीतरी कामाला लागले.

आपल्या मातीतला मुरलीकांत

कोणी कामाला लागले नाही तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखाली अपंगत्व आले. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेही जागतिक विक्रमासह. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक!

आणि आपण काय केले? आपण त्यांना विसरलो. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. म्हणजे ४६ वर्षे! अर्जुन पुरस्कार तर त्यानंतर, २०२५ साली मिळाला. पदकाच्या चमकेने समाजाचे डोळे आपोआप उघडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ही ४६ वर्षे आठवावीत.

शेवटची वर्षे

१९६६ साली इंग्लंडच्या राणीने गुटमन यांना सर ही पदवी दिली. १९६९ साली स्टोक मँडव्हिलला दिव्यांगांसाठी खास क्रीडागृह उभे राहिले आणि राणीच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रुग्ण त्यांना प्रेमाने पोपा म्हणजे बाबा म्हणत. हे बाबा कडक होते. त्यांचा शब्द मोडलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होती. अनेक वर्षे हे खेळ मुख्यतः मणक्याच्या रुग्णांपुरतेच राहिले. हात-पाय गमावलेल्या आणि अंध खेळाडूंना १९७६ साली टोराँटोला प्रथम प्रवेश मिळाला. दार उघडणाऱ्यालाही दार पुरते उघडायला वेळ लागतो, हे आपण समजून घेऊ या.

१९८० च्या ऑलिम्पिकचे यजमान मॉस्को शहर होते. तिथल्या सरकारने दिव्यांगांचे खेळ भरवण्यास नकार दिला. मग ते नेदरलँड्समधील आर्नहेम येथे झाले. परंतु ते पाहायला गुटमन नव्हते. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

त्यांचे स्वप्न मात्र पुढे चालत राहिले. १९८८ साली सोलमध्ये ऑलिम्पिकच्याच मैदानांवर पॅरालिम्पिक झाली. २००८ च्या खेळांच्या वेळी बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात खुर्चीसाठी उतार बांधले गेले. २०१२ साली हे खेळ लंडनला परतले. १६४ देशांचे चार हजारांहून अधिक खेळाडू आले आणि गुटमन यांची कन्या इव्हा त्यांच्या क्रीडाग्रामाच्या मानद महापौर होत्या. सोळांपासून सुरू झालेला हा प्रवास होता.

टाळ्या आणि पायऱ्या

मग आता प्रश्न उरतो तो आपला.

अव्वल दिव्यांग खेळाडूला पाहून आपली नजर बदलते, यात शंका नाही. दयेच्या जागी आदर येतो. परंतु त्यात एक धोकाही आहे. आपण त्याला अतिमानव समजू लागतो. मग शेजारची वयोवृद्ध आजी, अपघातात पाय गेलेला रिक्षावाला भाऊ किंवा जन्मापासून खुर्चीवर असलेली मुलगी आपल्याला दिसेनाशी होते. तो एवढे करतो, मग तुम्हाला चार पायऱ्या चढता येत नाहीत का, असे आपण नकळत म्हणून जातो. ज्याला पदक मिळत नाही त्यालाही मिस्साला येण्याचा तेवढाच हक्क आहे. गुटमन यांनी विजेते घडवण्यासाठी खेळ सुरू केले नव्हते. माणूस घरी, कामावर, चारचौघांत परतावा म्हणून त्यांनी ते सुरू केले होते.

आपल्या धर्मग्रामात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो. ही फार चांगली प्रथा आहे. परंतु त्या यादीतली सर्वच माणसे खरोखर आजारी आहेत का? की काही जण केवळ आपल्या पायऱ्यांमुळे त्या यादीत गेले आहेत? आम्ही हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आम्हीही वर्षानुवर्षे याच पायऱ्या चढत आलो आणि ही गोष्ट आमच्या लक्षात आली नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार असावा, असे साधे गणित आहे. त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. तो मागच्या दाराला नको, सर्व जण जातात त्याच दाराला हवा. एखाद-दुसरा बाक आखूड केला, की खुर्ची कुटुंबासोबत मध्येच बसू शकते, तिला कडेला एकटे उभे राहावे लागत नाही. शौचालयाचे दार रुंद हवे. आणि खुर्चीवरच्या मुलीला पहिले वाचन करायचे असेल, तर वाचनपीठ तिच्यासाठी खाली यायला हवे. केवळ आत घेणे पुरेसे नाही, सहभागही द्यायला हवा. खेळाने गुटमन यांच्या रुग्णांना तोच तर दिला होता.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याचे चार मित्र आपल्याला ठाऊक आहेत. दारात गर्दी होती. तू बरा होऊन ये, असे ते त्याला म्हणाले नाहीत. त्यांनी छप्पर उघडले. आपल्याला तर छपराला हातही लावायचा नाही, फक्त चार पायऱ्यांशेजारी एक उतार घालायचा आहे.

येत्या रविवारी मिस्साला येताना आपण सर्वांनी एक करावे. पायरीवर पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबावे आणि आपल्या आळीतील, आपल्या ओळखीतील कोण आज इथे नाही, त्याची आठवण करावी. ते नाव मिस्सानंतर फादरांना किंवा पॅरिश कौन्सिलच्या सदस्यांना जरूर सांगावे. एका डॉक्टराने एका खाणकामगाराचे मरण विसरायचे नाकारले, तिथून हे सारे सुरू झाले. आपणही आपल्यातल्या एकाला विसरायचे नाकारू या.